दोघांची गिटार

रविवारी दातांच्या दवाखान्यात पेशंट नसत, म्हणून गिटार क्लब तिथेच भरायचा. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या गोल मांडायच्या, जुनी मासिकं कोपऱ्यात सारायची आणि जमेल तसं वाजवायचं. पट्टीचं वाजवणारं कुणीच नव्हतं. स्वतः दातांची डॉक्टर, एक शिंपीकाका, दोघी बहिणी आणि सर. सर म्हणजे गाडी शिकवणारे. गावातल्या निम्म्या लोकांचा हात त्यांनीच स्टिअरिंगवर बसवलेला, डॉक्टरचाही. त्यामुळे ते सगळ्यांचेच सर.

अर्धांगवायूच्या झटक्यात सरांचा डावा हात गेला. पाय सावरला, बोलणं सावरलं; हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. गिटारवर डाव्या हाताने तारा दाबून सूर धरायचा असतो, उजव्याने छेडायचं. शिंपीकाका भेटायला आले, तर सर टीव्हीचा आवाज वाढवून बसले. शेवटी एका रविवारी ते बायकोला म्हणाले, "चल, ती गिटार क्लबला देऊन टाकू. पडून तरी राहणार नाही."

बायकोने गिटार खांद्याला अडकवली.

दवाखान्यात गलकाच झाला. खुर्ची पुढे आली, चहा आला. सरांनी पाठ केल्यासारखं सांगून टाकलं, "ही ठेवून घ्या. माझं वाजवणं संपलं."

डॉक्टरचं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. नखं बेताने वाढवलेली, कडा घासून गुळगुळीत. तार छेडायला लागतात अगदी तशी.

"सर, वाजवणं संपलं, मग ही नखं कुणासाठी?"

सरांनी गोंधळून बायकोकडे पाहिलं. "ही घासून देते. काप म्हटलं तर ऐकत नाही."

बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कापली की परत वाढायला वेळ लागतो."

डॉक्टर उठली. सरांच्या डाव्या बाजूला खुर्ची खेटून लावली, गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली आणि स्वतःची बोटं तारांवर ठेवली. "सूर मी धरते. तुम्ही छेडा."

"अहो डॉक्टर, असं कुठे असतं का?"

"तुमच्या गाडीत होतं की! स्टिअरिंग माझ्या हातात आणि ब्रेक तुमच्याही पायाखाली. तुम्ही तो दाबला नसता, तर मी दुधाच्या टेम्पोत घुसले असते."

सरांना हसू फुटलं. पहिल्यांदा भांडी कोसळल्यासारखा आवाज झाला. डॉक्टरची बोटं सरकायच्या आत सर पुढे निघून जात. मग ते सवयीने दटावायला लागले, "घाई नको, पुढे बघा, आता वळवा!" शिंपीकाका हसून हसून बेजार झाले. पण हळूहळू एक संथ धून उमटली. अडखळत, तरी शेवटपर्यंत.

सरांनी उजवा हात गिटारवरून फिरवला. मग म्हणाले, "डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू?"

"आभार कसले, सर? माझा उजवा हात कायम घोळ घालतो. माझ्या बोटांतून ही धून अख्खी निघाली ती आजच."

शिंपीकाकांनी गार झालेला चहा परत गरम करायला नेला.

गिटार अर्थात घरी परत आली. सोमवारी दुपारी सर ती मांडीवर घेऊन नुसतेच बसले होते. डॉक्टर तिच्या कामात असणार. बायको भाजी निवडायची सोडून शेजारी येऊन बसली. आजवर तिने गिटारवरची धूळ तेवढी पुसली होती.

"कुठली तार दाबायची?" तिने विचारलं.

"तू?"

"मग काय, रविवारपर्यंत गप्प बसणार आहात?"

सरांनी सांगितली. तिने दाबली. जरा वेळात तिच्या बोटांवर लाल वळ उठले.

"दुखतंय ना गं?"

"दुखतंय. पुढची सांगा."

सरांचा डावा हात पुढेही कधी हलला नाही. त्या दुपारी मात्र त्यांनी छेडणं थांबवलं, बायकोची वळ उठलेली बोटं उजव्या हातात धरली आणि तिच्याकडे बघत राहिले. "पुरे हं," ती लाजून म्हणाली, "धून अर्धी राहिलीय."