ठमीचा ट्रे

निवृत्त घड्याळजींची कंबर धरली होती. ठमी मांजरीचा शी-शूचा ट्रे साफ करायला रोज सकाळी वाकणं त्यांना जड जायचं. आपोआप साफ होणारा ट्रे घ्या, म्हणून लेक मागं लागली होती. त्यांच्या बायकोलाही ते पटलं होतं, पण घड्याळजी नुसतं "बघू" म्हणायचे.

शेवटी नव्या ट्रेसाठी जागा मोजायला बायकोच टेप घेऊन न्हाणीघराशी गेली. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत घड्याळजी वाळूतली घाण काढत होते आणि ठमी समोर बसून ऐकत होती.

"काल हिनं भाजीत मीठच घातलं नाही. मी मुकाट्यानं खाल्ली. तूही बोलू नकोस हं, बाई. गुडघे दुखले की तिचं कशात लक्ष लागत नाही."

तिला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. तिनं लेकीला फोन लावला. "यंत्र नको गं. त्यांच्या गप्पा बंद पडतील."

मग गॅलरीतलं भक्कम बाकडं ओढत आणून तिनं ट्रे त्यावर ठेवला. ठमी एका उडीत वर चढली.

"हे कशाला?" घड्याळजींनी विचारलं.

"वाकायला नको. आणि जरा हळू बोलत जा, बाहेर ऐकू येतं."

घड्याळजींचे कान लाल झाले.