पहिला कप मोजायचा नसतो

नीना आणि शीला भांडल्या असं अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये कुणी म्हणणार नाही, कारण दोघींचाही आवाज कधी चढला नाही. पण शनिवारी सकाळी क्लबहाउसमध्ये त्या एका टेबलाशी आल्या, की बाकीच्या आया आपापली कॉफी उचलून पलीकडे सरकायच्या.

गणिताचा वर्ग नीनाचा. सोसायटीतल्या मुलांसाठी तिनेच सुरू केलेला. पाचवीतलं एक मूल, पहिलीतलं एक, अशी जोडी लावायची आणि ठोकळे, तराजू, मापं त्यांच्यापुढे ठेवायची. नियमही तिचाच. वस्तूंना हात लावायचा तो धाकट्याने. थोरल्याने प्रश्न विचारायचे आणि धाकटा सांगेल ते पांढऱ्या पाटीवर लिहायचं. चूक दिसली तरी सुधारायची नाही.

शीलाची आन्या पहिलीत होती. शाळेत घुम्यासारखी बसते म्हणून बाईंच्या ईमेल येऊन गेलेल्या. इथे तिची जोडी लागली नीनाच्याच नकुलशी, आणि पोरीला वाचा फुटली. शुक्रवारी रात्रीपासून ‘उद्या नकुलदादा’ चालू व्हायचं. ही जोडी तुटू नये, एवढंच शीलाचं मागणं. आणि नीनाला नेमकी तीच तोडायची होती.

नीना शीलाला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहायची. त्या दिवशी तिने आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग शीलाच्या फोनच्या कव्हरवरचं निळं अशोकचक्र पाहिलं आणि म्हणाली, “अच्छा, अच्छा.” त्या दोन अच्छांमध्ये शीलाला आपली नागपूरची सगळी शाळा ऐकू आली होती. पण शीला म्हणजे रोज पहाटे पंचशील म्हणणारी, पौर्णिमेचं उपोसथ-व्रत न चुकवणारी बाई. कुणाला लागेल असं बोलायचं नाही, हे तिने स्वतःवर घालून घेतलं होतं.

तिचा आणखी एक नेम होता. भात लावायचा तर पहिलं माप शेजारच्या डब्यात. डबा भरला की तांदूळ गरजूंसाठीच्या फूड पँट्रीत पोचवायचा. ते माप आन्या टाकायची.

“हे मोजायचं नाही,” शीलाने तिला शिकवलं होतं, “आणि कुणाला सांगायचंही नाही. सांगितलं की दान राहत नाही, जाहिरात होते.”

त्या शनिवारी आईबाबांना पाहायला बोलावलं होतं. प्रत्येक जोडीपुढे तांदळाचा वाडगा आणि पाव कपाचं माप. वाडग्यातले तांदूळ किती मापं भरतात, ते काढायचं. एकेका पाटीवर बारा, बारा, बारा उमटलं. नकुलच्या पाटीवर अकरा. आन्याच्या कोपरापाशी कागदी रुमालावर तांदळाचा एक छोटा ढीग वेगळा पडला होता. शीलाने तो ओळखला.

“इलेव्हन?” नीना पाटीपाशी थांबली. “वाडगे मी स्वतः भरलेत. बारा व्हायला हवेत.”

“आय आस्क्ड हर, ममा,” नकुल म्हणाला. “शी सेड द फर्स्ट वन डझन्ट काउंट. अँड यू सेड डोंट करेक्ट देम.”

मागे उभी असलेली यशची आई उल्का फिसकन हसली. नीनाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळ्यांदेखत तिचाच नियम पोराने तिच्या पदरात घातला होता.

“आन्या, बेटा, व्हाय डझन्ट इट काउंट?”

आन्याने आईकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले.

“शीलाताई, घरी जरा घेत चला हिचं,” नीना गोड आवाजात म्हणाली. “बारापर्यंत मोजायला काही आयआयटी लागत नाही.” मग उल्काकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “पोरीचा दोष नाही गं. काहींच्या घरात अभ्यासाचं वळणच नसतं. मी काय करते, पुढच्या वेळेपासून नकुलला यशबरोबर देते. हिला जरा सोप्या गटात बसवू.”

शीला पोटापाण्यासाठी नव्या औषधांच्या चाचण्यांची आकडेमोड करायची. ते तिने सांगितलं नाही. ती फक्त लेकीकडे पाहत होती. आन्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं आणि त्या पाण्याआडून ती विचारत होती, सांगू? गप्प राहावं तर दान शाबूत, पण पोर ढ ठरते, आणि नकुलही जातो.

“तिला मोजता येतं,” शीला म्हणाली. “पहिलं माप आमच्याकडे दानाचं. ते आम्ही मोजत नाही आणि सांगतही नाही. म्हणून ती गप्प आहे.”

मग नीना हसली.

“वा. म्हणजे दानसुद्धा माझ्याच तांदळाचं.”

दोघीतिघी हसल्या.

“हो ना,” शीला हळूच म्हणाली. “तेवढंच तुमच्या हातून झालं.”

हसू जागच्या जागी थिजलं. नीनाचा चेहरा उतरला, आणि शीलाला, नेमधर्माच्या बाईला, त्याचं बरं वाटलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. ती थांबली नाही.

“जोडी बदलायची तर बदला. पण कारण सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर पहिल्या दिवशीच्या तुमच्या ‘अच्छा, अच्छा’पासून मीच सांगते.”

“धमकी देताय?”

“विचारतेय.”

नीनाने पाटी उचलली, अकरा पुसून बारा लिहिलं आणि पाटी टेबलावर आपटली. “राहू दे. बसा दोघं.” जाताना पुटपुटली, “कानामागून आली आणि तिखट झाली.”

शीलाने ते ऐकलं आणि सोडून दिलं. जोडी राहिली होती.

संध्याकाळी तिने भाताचं भांडं काढलं आणि सवयीने डब्याचं झाकण उघडून आन्यापुढे धरलं. आन्याने माप भरलं. डब्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि माप सरळ भांड्यात रिकामं केलं.

“अगं, हे पहिलं ना?”

“तू सांगितलंस,” आन्या म्हणाली. “सगळ्यांना. सो नाऊ इट काउंट्स.”

शीला डबा धरून तशीच उभी राहिली. आन्याने दुसरं माप भरलं. सकाळी नीनापुढे न फुटलेला आवाज आता खणखणीत होता.

“टू,” ती म्हणाली.