फाटकवाल्याचा मुलगा

"आधी ताट, मग मी," कौसाबाई म्हणाली आणि खुर्चीतून हलेना.

पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं. रघु स्वतः सत्तरीला टेकलेला, गुडघ्यांनी जेरीस आलेला, तरी स्टुलावर चढून त्याने फळीवरचं स्टीलचं ताट काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. काठावर नाव कोरलेलं होतं, सुजित.

"मावशी, कपडे राहिले, गोळ्या राहिल्या. ताट काय पळून जाणार होतं?"

"पोरगा गेला. आता ताट बी जाऊ देऊ का?"

सुजित तिचा एकुलता एक. एकोणिसाव्या वर्षी बापाशी कडाकडा भांडून निघून गेला तो गेलाच. ना चिठ्ठी, ना फोन. असेल तिथे आता चाळिशीचा असेल. बाप कधीच वारला. त्या ताटात मात्र कौसाबाईने कोणाला घासभरही वाढलं नाही. रोज घासायची, पुसायची, फळीवर ठेवायची.

खुर्चीसकट तिला चौघांनी उचललं. हेंद्रेपाड्यात पूर काही नवा नाही. बारवी धरण भरल्याची बातमी आली आणि वर पावसाचा जोर राहिला की गल्ली आपली आपण आवराआवर करते. सव्वीस जुलैच्या महापुरानंतर इथे एक रीतच पडली आहे. तळमजल्याच्या प्रत्येक घराला एक वरचं घर नेमून दिलेलं. पाणी आलं की सरळ वर जायचं, बेल वाजवायची नाही, विचारायचं नाही. वरच्यांनी दार सताड उघडं ठेवायचं. रघुचं आणि कौसाबाईचं वरचं घर एकच, धर्मेश पाटलांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

तिथे सकाळी अकरालाच तीस-एक माणसं जमली होती. पोरंटोरं सोफ्यावर, म्हातारे भिंतीला टेकून, एक बकरी बाल्कनीत. रघुच्या बायकोने, संजीवनीने, पदर खोचून स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता आणि भल्यामोठ्या पातेल्यात खिचडी रटरटत होती. वीज गेलेली, पण इन्व्हर्टर चालू होता.

"रघुकाका, तुमची इंग्लिश सिरियल मिळाली मला," धर्मेशची मुलगी रिद्धी म्हणाली. "रेल्वे फाटकवाली. पप्पा सारखे तिचंच सांगत असतात ना. पूरा सीझन डाऊनलोड केलाय. लास्ट एपिसोडपण आहे."

रघु गुडघे चोळता चोळता थांबला.

त्याचं असं आहे. आज गुडघे चोळत बसणारा हा रघु एके काळी गल्लीचा केबलवाला होता. गच्च्यागच्च्यांवरून त्याने स्वतः केबल ओढली होती आणि त्यावर स्वतःचं एक चॅनल चालवत होता. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराचा भाऊ लंडनला होता, तो तिकडच्या मालिका टेपांवर भरून पाठवायचा. त्या रघु लावायचा. आवाज बारीक करायचा, माईक तोंडाशी धरायचा आणि मराठीत सांगायला बसायचा. आता रघुचं इंग्रजी म्हणाल तर अंबरनाथच्या कारखान्यात साहेबाने शिवी दिली तर कळायची, एवढंच. अमेरिकन पोलिसांच्या मालिकेत चोर कोण आणि पोलीस कोण हे त्याला अर्धा भाग संपेपर्यंत कळत नसे. मग तो दोघांनाही झोडपायचा. लोक खूश.

पण मंगळवारची ब्रिटिश मालिका म्हणजे गल्लीचा जीव. एक लहानसं खेडं, त्यात एक रेल्वे फाटक, फाटकावर एक म्हातारा. रघुने त्याचं नाव ठेवलं हिंदुराव. पाव विकणारी जाडजूड मड्डम ती मोतीबाई. दोघं भांडायला लागली की बायका जेवणं तशीच टाकून टीव्हीपुढे येऊन बसायच्या.

कौसाबाईकडे टीव्ही नव्हता. ती रघुच्या केबलच्या खोलीत, उंबऱ्यावर बसून बघायची. तेव्हा सुजितला जाऊन वर्ष झालं होतं. एकदा गाडी निघून गेल्यावर पडद्यावरचा म्हातारा रुळांकडे बघत नुसताच उभा राहिला.

"ह्यो कोनाची वाट बघतो रं?" तिने विचारलं.

माईक चालू होता. सगळी गल्ली ऐकत होती. रघुच्या तोंडून निघून गेलं, "मुलाची. मुलगा बोटीवर गेलाय त्याचा. येईल एका गाडीने."

झालं. तिथून पुढे दर मंगळवारी मुलगा येऊ घातलेला. येतो म्हणून तार यायची, मग बोट वादळात अडकायची, मग नवा कप्तान रजा द्यायचा नाही. रघु आठवडाभर डोकं खाजवून नवनव्या अडचणी शोधायचा. खरी गोष्ट संजीवनी सोडून कोणाला ठाऊक नव्हती.

शेवटचा भाग लागायचा होता तो मंगळवारीच, सव्वीस जुलैला. मुलगा येणार, असं रघुने आठवडाभर आधी सांगून टाकलं होतं. त्या संध्याकाळी नदी आली. दोरखंड कोणाकडे नव्हता. रघुने पक्कड घेतली आणि स्वतःच्या हाताने ओढलेली केबल कापून काढली. आत पोलादी तार असलेली जाड केबल होती ती. तिचे चार पदर करून खांबापासून जिन्यापर्यंत बांधले आणि ते धरून एकतीस माणसं वर आली. त्यांत कौसाबाई होती. टेपा, व्हीसीआर, माईक सगळं चिखलात गेलं. केबल पुन्हा उभी राहिली नाही आणि मालिका तिथेच तुटली ती तुटलीच. रघुने पुढची वर्षं पंखे आणि मिक्सर दुरुस्त करण्यात काढली.

आता रिद्धी त्याला स्वयंपाकघराच्या दारात घेऊन हळूच म्हणाली, "काका, एक विचारू? मी चार एपिसोड बघितले. त्या म्हाताऱ्याला मुलगा कुठेय? त्याची तर शादीच नाही झालेली."

"लावू नकोस, बाई," रघु म्हणाला. "हात जोडतो तुला."

लोक हसतील याची त्याला भीती नव्हती. हसले तर हसले. पण कौसाबाईपुढे आपण वीस वर्षांपूर्वी जे मांडून ठेवलं, ते असं भर घोळक्यात उघडं पडावं?

"काय लावू नको?" आतून कौसाबाईचा आवाज आला. तिचे कान शाबूत होते. "फाटकवाला ना? लाव गं पोरी."

मग कोण ऐकतंय? मोठ्या टीव्हीवर ते खेडं आलं, ते फाटक आलं, मोतीबाई आली. चाळिशी उलटलेल्या बायका लहान मुलींसारख्या एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. खाली हिंदीत अक्षरं येत होती, पण कोणी वाचत नव्हतं. सगळे रघुकडे बघत होते. रघुने सुरुवात केली. आवाज आधी घोगरा, मग मोकळा. हिंदुराव सकाळपासून फाटकावर उभा आहे म्हणाला. मोतीबाईने पाव फुकट दिला म्हणाला. लोक हसले.

गाडी आली. थांबली. हातात बॅग घेतलेला एक तरुण उतरला.

खाली अक्षरं उमटली: मैं रेलवे दफ़्तर से आया हूँ, फाटक आज से बंद. वाचता येणाऱ्या सगळ्यांनी ती वाचली आणि माना खाली घातल्या. कौसाबाईला वाचता येत नव्हतं.

"रघु, बोल की. कोन उतरला?"

'मुलगा' एवढाच शब्द. जिभेवर आला होता. पण ताट मांडीवर घेऊन बसलेल्या त्या म्हातारीकडे बघून तो त्याला बोलवेना.

"मावशी, तो मुलगा नाही. फाटक बंद करायला आलेला माणूस आहे." तो खाली तिच्या पायांशी बसला. "मुलगा नव्हताच कधी. मी बनवला होता. चुकलं माझं."

कौसाबाई पडद्याकडेच बघत राहिली.

"मना ठावं व्हतं."

"काय?"

"त्या फाटकवाल्याच्या टेबलावं कवाबी एकच ताट. पोरगा भायेर असलेल्या घरात दोन आसत्यात." तिने मांडीवरचं ताट पदराने पुसलं. "पयल्याच मयन्यात कळलं मना."

रघुला रडूच आलं. "मग दर मंगळवारी येत का राहिलात?"

"घरात त्याचं नाव काढाया बंदी व्हती. बाप काढू देत नव्हता. तू मातुर दर मंगळवारी माझ्यासंगती वाट बघायचास. दुसरं कोन व्हतं रं बघनारं?"

रिद्धीने टीव्हीचा आवाज बंद केला.

संजीवनी खिचडीचं पातेलं घेऊन आली आणि पत्रावळ्या वाटायला लागली. कौसाबाईने तिला हाक मारली आणि मांडीवरचं ताट पुढे केलं.

"ह्याच्यात वाढ."

संजीवनीचा डाव हातातच राहिला. मग तिने वाढलं. कौसाबाईने ते ताट दोन्ही हातांनी रघुपुढे सरकवलं. रघु ताट मांडीवर घेऊन बसला. मग जेवू लागला. खाली गल्लीत टायरच्या ट्यूबवरून कोणीतरी पाण्याचे कॅन घेऊन येत होतं, त्याला लोक वरून हाका मारत होते. काठावरच्या नावाला लागलेली दोन शितं रघुने बोटाने निपटून घेतली.

"आजून घे," कौसाबाई म्हणाली.