देवापासून मोजलेला तलाव

मी नकाशा बोलतोय. कागदावरचा नव्हे, कॉम्प्युटरमधला. मला घडी पडत नाही, वाळवी लागत नाही. पण म्हातारपण कुणाला चुकलंय?

सावली गावाजवळच्या एका तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची वाट, पाळीखालून, मातीच्या बांधाखालून, कुठून जातं हे माझ्यात आहे. मोजणीवाल्या दिनेशभाऊंनी मला काढलं. पाळीवर खूण म्हणून दुसरं भरवशाचं काय मिळणार? त्यांनी तलावाच्या देवाचा शेंदरी दगड धरला आणि सगळी मापं तिथून टाकली. मग मी सीडीत बसून मच्छीमार सोसायटीच्या कपाटात पडून राहिलो. कॉम्प्युटर बदलत गेले, मला कुणी ओळखेना.

यंदा पाळ झिरपू लागली. तुडुमाचा आतला पाइप फुटला होता. यंत्राने भलतीकडे खोदलं तर पाळच जाणार, मग मासोळीही गेली आणि खालचं धानही. तेव्हा सोसायटीच्या मैनाबाईंना माझी आठवण झाली.

सावलीच्या करिष्माने आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मला नव्या फाईलमध्ये उतरवायला घेतलं. रेषा आल्या, अक्षरांचे मात्र चौकोन झाले. पाळीवरचा एक गोल तिला कचरा वाटला. तिचं बोट डिलीटवर गेलं आणि माझा जीव टांगणीला लागला.

"थांब वं पोरी," मैनाबाई म्हणाल्या, "आधी त्याचं नाव त वाच."

करिष्माने जुना फॉन्ट शोधून टाकला. चौकोनांची अक्षरं झाली: 'तलावाचा देव. मापं इथून.'

सोसायटीचे अध्यक्ष मुखरूभाऊ खूश झाले. "झालं मंग! उद्या देवापासून मोजू नं खोदू."

मैनाबाई मात्र अजून पडद्याकडेच पाहत होत्या. "इथी देव मोहाच्या झाडाखाली दिसून राह्यला. आता त तो ओट्यावर हाय. पाळ उंच केली तवा तुमीच नारळ फोडून त्याले सरकवला नाई का?"

मुखरूभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग काय देवाले त्या मातीत गाडाचं होतं, बाई?"

दुसऱ्या दिवशी मोहाच्या बुंध्यापासून मोजलं. मी दाखवला होता तिथेच पाइप सापडला, दुरुस्तही झाला. पाळ शाबूत राहिली, तलाव भरलेला राहिला. ऐकून मला फार बरं वाटलं.

करिष्माने नव्या फाईलमध्ये ओटाही काढला. "जुनी फाईल उडवू का?" तिने विचारलं.

"काऊन? राहू दे. देव कुठून आला, थेही माहीत पायजे," मैनाबाई म्हणाल्या.

म्हणून मी अजून आहे. देव खुशाल हलवा, त्याला चांगली जागा द्या. फक्त नारळ फोडून झाला की एकदा येऊन मलाही सांगत जा. कपाटातून मला तलाव दिसत नाही.