शिओझुकीचा आवाज

एकाच आराखड्यावर बांधलेल्या विनाशिका जातीच्या चार युद्धनौका आमच्या ताफ्यात होत्या. पाणबुडी शोधणं हे त्यांचं काम, आणि शोधणाऱ्याला आधी स्वतः गप्प राहावं लागतं. म्हणून इंजिनाखाली रबर, नळांभोवती रबर. बाकीच्या तिन्ही बहिणी गप्प होत्या. आमची शिओझुकी तेवढी वाजत होती.

हे कळलं ते सासेबोच्या नौदल तळावर, सरावानंतरच्या बैठकीत. सराव आपल्याच एका पाणबुडीशी होता. तिचा तरुण अधिकारी उठला आणि त्यानं ध्वनिमुद्रण लावलं.

"तुम्ही येताय हे आम्हाला चाळीस मिनिटं आधी कळलं," तो म्हणाला. "दार वाजवून आलात, आभारी आहोत."

सगळे हसले. आमच्या बोटीचे कोणी हसले नाहीत. मुद्रणात टक-टक, मग जरा थांबून एकदा टक, असा आवाज येत होता.

मी तो पहिल्याच वेळी ओळखला. पाण्याखालचे आवाज ऐकायचे हेच माझं काम, सव्वीस वर्षांचं. आणि हा आवाज तर माझाच होता. खालच्या मजल्यावरच्या जेवणाच्या खोलीत मी पुस्तकांची एक फळी लावली होती, परवानगी काढून. लोखंडी पट्ट्या थेट बोटीच्या फासळीला ठोकल्या. मध्ये रबर घालायचं असतं हे मला माहीत होतं. भांडारात त्या दिवशी रबर नव्हतं, आणि आणखी एकदा मागायला जायची मला लाज वाटली. असली कारणं सांगायलाही लाज वाटते. बोट कलली की वरची पट्टी दोनदा वाजे, खालची एकदा. रविवारी दुपारी तिथे वाचत बसलो की मला तो आवाज सोबतीसारखा वाटायचा.

"भटारखाना," आमचा मुख्य हवालदार ओनिझुका दात आवळून म्हणाला. "हिवाताशीची झाकणं. दुसरं काय असणार?"

हिवाताशी आमचा आचारी. तोंडाचा फटकळ, भांडी आपटणारा, कोणालाही न आवडणारा. ओनिझुकानं माझ्याकडे वळून विचारलं, "निशिबे, तुझे कान काय म्हणतात?"

"धातूवर धातू आपटतोय," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. ते पुरेसं होतं.

संध्याकाळपर्यंत हिवाताशीच्या बदलीचं पत्र लिहून झालं. पुढच्या शुक्रवारी त्याच पाणबुडीशी पुन्हा चाचणी होती. त्या दिवशी भटारखाना बंद ठेवायचा, आवाज थांबला तर हिवाताशी सोमवारी बोटीवरून खाली, किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरात. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शेऱ्यात लिहिलं जाणार होतं, बोटीवर ठेवण्यास अयोग्य.

तो आठवडा वाईट गेला. खलाशी पोरं ताट पुढे करताना चमचा वाजवायची. "टक-टक! हिवाताशी-सान, पाणबुडीला पण वाढा की!" एकानं त्याच्या टोपीला घंटा बांधली. हिवाताशीनं प्रत्येक झाकणाला फडकं शिवलं, आणि सुई बोटात गेली की सगळ्यांना ऐकू जाईल अशी शिवी घालायचा. एकदा मला म्हणाला, "तू एवढा पुस्तकं वाचणारा. धातूवर धातू! बोटीवर दुसरा धातूच नाही का रे?"

मी सूप पीत राहिलो. सांगावं असं रोज सकाळी वाटायचं. कोणाला आधी सांगावं हे ठरवेपर्यंत दिवस संपायचा.

शुक्रवारी पातेली, चिमटे, झाकणं सगळं धक्क्यावर उतरवलं. दर शुक्रवारी ठरलेली करी आज नाही, म्हणून जो तो हिवाताशीवर चिडलेला. गार भाताचे गोळे खात आम्ही निघालो. मी श्रवणकक्षात कानाला यंत्र लावून बसलो. आपल्याच बोटीचे आवाज ते यंत्र गाळून टाकतं, त्यामुळे मला फक्त समुद्र ऐकू येत होता. निदान मी स्वतःला तसं सांगत होतो.

दुपारी पाणबुडी वर आली आणि तिचा निरोप आला: टक-टक, टक. पुन्हा तेच.

ओनिझुकानं मला खाली जेवणाच्या खोलीत बोलावलं. हिवाताशी फळीपाशी उभा होता, पट्टीवर तळहात टेकवून. दिवसभर काम नव्हतं म्हणून तो नोकरीत पहिल्यांदाच त्या खोलीत नुसता बसला होता. पंधरावीस जण भोवती.

"हे कोणी ठोकलं?" ओनिझुकानं विचारलं.

"मी."

ओनिझुकाचा चेहरा सैल पडला. कोणीतरी हसलं. "चार स्क्रू!" ओनिझुका म्हणाला. "अरे बाबा, चार स्क्रूंसाठी आठवडाभर तमाशा! काढ, रबर घाल, संपलं. चूक कोणाचीही होते." पोरंही सुटल्यासारखी हसू लागली. तेवढ्यावर ते मिटलं असतं.

"थांबा," हिवाताशी म्हणाला. हात त्यानं पट्टीवरून काढला नव्हता. "मला आचाऱ्याच्या कानांनी तासाभरात ऐकू आलं. निशिबे, बैठकीत ते मुद्रण लावलं, तेव्हा तू ओळखलंस का?"

कोणी हसेना.

नाही म्हणता आलं असतं. माझ्या आत काय ऐकू आलं हे कोण तपासणार होतं?

"ओळखलं होतं," मी म्हणालो. "पहिल्याच वेळी."

मी कमरेतून वाकलो आणि माफी मागितली.

"वाक, वाक," हिवाताशी म्हणाला. "मान खाली घातली की कमी ऐकू येतं का रे तुला? आठ दिवस ही पोरं माझ्यावर भुंकत होती, तेव्हा तू सूप पीत होतास. सूप माझंच."

ओनिझुकानं पट्टी हलवून पाहिली. मग हळू म्हणाला, "जो ऐकलेलं सांगत नाही, त्याच्या कानांवर मी दोनशे माणसं सोपवू कशी? उद्यापासून तू श्रवणकक्षात बसणार नाहीस. वर डेकवर दोरखंडांच्या कामाला जा."

"हो," मी म्हणालो.

त्यांची पावलं एकेक करून जिन्यावरून वर गेली. हिवाताशीची मी ओळखली, ती सगळ्यांत शेवटी गेली. मी अजून वाकलेलाच होतो. सरळ कधी व्हायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.