पडण्याची परीक्षा

रविवारी फरशांचं गोदाम बंद असतं. मालकाला गळ घालून वहिनीने ते मिळवलं, खांबांना जुन्या गाद्या बांधल्या आणि सिमेंटवर खडूने अंडाकृती ट्रॅक आखला. आखायला दोरी आणि खिळे वापरायचे हे मी सुचवलं. पदार्थविज्ञानाच्या माझ्या पदवीचा घरच्यांना झालेला तो पहिला उपयोग.

खेळ असा: चाकांचे बूट घालून दोन संघ एकाच दिशेने फिरतात. प्रत्येक संघात एकीच्या हेल्मेटवर चांदणी असते. तिने दुसऱ्या संघातल्या बायकांना मागे टाकलं की गुण. त्यांनी खांद्याने, कमरेने तिला अडवायचं. पडणं ठरलेलंच, म्हणून वहिनी आधी पडायला शिकवायची. गुडघ्यावर पडायचं, मुठी मिटलेल्या ठेवायच्या, हात न टेकता उठायचं. उघड्या बोटांवरून मागून येणारीची चाकं जातात. हात टेकला की नापास, आणि नापास झालेलीला सामन्यात जागा नाही.

एरवी वहिनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. तिथली शिकाऊ माणसंही घाम पुसतच गाडीतून उतरतात. आमच्या या हौशी लीगमध्ये प्रत्येकीने टोपणनाव घेतलं होतं. वहिनीचं आम्ही तिच्या माघारी ठेवलं: हँडब्रेक.

‘लाटणं’ बेकरीत कामाला होती. आमच्यातली सगळ्यात चपळ तीच. परीक्षेत उठताना तिचा पंजा जेमतेम जमिनीला लागला. वहिनीने तिला पुढच्या वेळी बघू म्हणून सांगितलं आणि पंचाची शिट्टी हातात दिली. लाटणं हसली खरी, पण नंतर बराच वेळ बूट न काढता गादीला टेकून बसून राहिली.

सामन्याच्या आदल्या रविवारी वहिनीची स्वतःची परीक्षा झाली. घेणार अर्थात पंच, म्हणजे लाटणंच. वहिनी वेगात आली, गुडघ्यावर पडली, घसरली आणि तिचा उजवा पंजा सपाट जमिनीवर आला. मी जवळच उभी होते. तिच्या तळव्याला लागलेला खडू मला दिसला.

लाटण्याने पास म्हणून सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. वहिनीने तळवा पँटला पुसला. त्या आठवड्यात दादा सामन्याबद्दल काही विचारू लागला की ती ताटं उचलायला उठायची.

सामन्याच्या दिवशी, प्रेक्षक यायच्या आधी, तिने सगळ्यांना गोळा केलं. गेल्या रविवारी आपला हात टेकला होता, असं ती म्हणाली. एकीने बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधायला घेतली. बाकीच्या तिच्याकडेच बघत राहिल्या.

“तुला दिसलं होतं ना?” वहिनीने लाटण्याला विचारलं.

“दिसलं होतं.”

“मग कीव आली माझी?”

“कीव कसली, ताई. तुला नापास केलं असतं तर तू गोदामाची किल्ली परत करून मोकळी झाली असतीस. आम्हाला खेळायचं होतं.”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. ‘नाही, तू तशी नाहीस’ असं मी म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. मला ते म्हणता आलं नाही. तिचे कान लाल झाले. टाळ्या वाजवताना मीही हाच हिशोब केला होता, हे तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं.

तिने हेल्मेटवरची चांदणी काढली. लाटण्याची परीक्षा पुन्हा घ्या म्हणाली, आणि माझ्याकडे बोट दाखवून, हिने ती घ्यायची नाही, हेही. लाटणं पडली, मुठी मिटूनच उठली. चांदणी तिच्या हेल्मेटवर चढली आणि शिट्टी वहिनीकडे आली.

दादा वहिनीच्या आईला घेऊन आला होता. काकू भिंतीकडच्या बाकावर बसल्या आणि पहिल्या डावापासून लेकीला शोधत राहिल्या. ती मधोमध पंचाच्या जागी उभी आहे हे मी दाखवलं, तेव्हा त्यांना ते पटेना. मध्यंतरात त्यांनी तिला जवळ बोलावलं.

“सगळं तूच उभं केलंस ना गं? मग तू का नाही खेळत?”

वहिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली.

“नापास झाले, आई,” ती म्हणाली, आणि दुसरा डाव सुरू करायला गेली.