बातांगचा वास

आमच्या हाम्सियानं नदीचं अत्तर करायला घेतलं तेव्हा सगळ्यात आधी मीच हसले होते. म्हटलं, "नदीचा वास विकत कोण घेणार गं? खिडकी उघडली की फुकट येतो!"

हाम्सिया माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर माझ्याकडेच वाढली. मला आचिल म्हणते, म्हणजे मावशी. बांजारमासिनला नदीत खांब रोवून उभं केलेलं आमचं घर आणि दारापुढे बातांग, ओंडके बांधून केलेला तरंगता घाट. अंघोळ, धुणं, मासे साफ करणं, शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या, सगळं त्याच्यावरच.

शेजारी होड्या बांधायचा कारखाना होता. मालकाचा मुलगा अस्पिहानी संध्याकाळी काम आटोपून बातांगवर येऊन बसायचा. केसांत भुसा, हाताला राळ. हाम्सिया भांडी घासत बसायची, एकच पातेलं कितीतरी वेळ. दोन्ही घरांत कळायचं ते कळलं होतं. पण सुपारी फुटायच्या आत त्याच्या काकानं त्याला सुमात्राला, तेम्बिलाहानला बोलावून घेतलं. "पावसाळा संपला की येतो," म्हणून गेला. मग कधीतरी कापडाच्या व्यापाऱ्याकडून कळलं, की काकाच्या भागीदाराची मुलगी त्यानं केली.

हाम्सिया रडली नाही. सुराबायाला गेली, अत्तरांच्या कारखान्यात नोकरी केली, काम शिकून परत आली आणि आमच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं. स्थळं येत होती. ती चहा द्यायची नि हसून नाही म्हणायची. मी चिडून म्हणायचे, "म्हातारपणी बाटल्या पाय चेपणार आहेत का तुझे?"

त्या एका अत्तरावर तिची वर्षं गेली. अगरू होता, वाळा होता, राळ होती, होड्या बांधायच्या उलिनच्या लाकडाचा भुसा स्पिरिटमध्ये मुरवलेला होता. लाकूड जमलं, पाणी जमेना. शेवाळ झालं, गाळ झाला, जलपर्णीची मुळं झाली. घरभर असा उग्र दर्प, की मांजर शेजारी राहायला गेलं. शेवटी एके दुपारी तिनं माझ्या मनगटावर एक थेंब लावला. मी हुंगलं आणि नकळत मान वळवून शेजारच्या बंद कारखान्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून बाटल्या पुसत राहिली.

त्याला तिनं बातांग असंच नाव दिलं. जाकार्ताहून माणसं यायची, एवढुशी बाटली घेऊन खुशीत जायची.

गेल्या वर्षी अस्पिहानीचे वडील वारले. दुआसाठी तो आला आणि तिसऱ्या प्रहरी आमच्या दारात उभा राहिला. केस पांढरे, पोट सुटलेलं.

"आचिल, ओळखलंत का?"

"पावसाळा फार लांबला रे तुझ्याकडचा," मी म्हटलं.

तो ओशाळून हसला. मी आंबवलेल्या कोळंबीचा गोळा कुटत होते. तो माझ्या अगदी शेजारी बसला. हाम्सिया आतून आली, क्षणभर थबकली. मग कपाटातली बाटली काढून तिनं त्याच्या मनगटावर फवारलं.

त्यानं हुंगलं. "वा! छान आहे."

"कसला आहे, सांग."

"फुलांचा? मोगरा वगैरे?"

हाम्सियाचा चेहरा पडला. माझं मात्र त्याच्याकडे लक्ष होतं. कोळंबीच्या वासानं परका माणूस चार पावलं मागे सरतो. यानं साधं नाकही मुरडलं नव्हतं. मी खलबत्ता उचलून त्याच्या नाकाखाली धरला.

"आणि हे? हेही मोगराच का?"

त्यानं मान खाली घातली. "मला वास येत नाही, आचिल. तिकडे लाकडाच्या होड्या कधीच संपल्या. फायबरच्या करतो. त्या रसायनानं नाक गेलं. पोरांच्या डोक्याचा वाससुद्धा मला ठाऊक नाही."

नदीत एक मोटारबोट गेली, घर हललं. मग तोच म्हणाला, "हाम्सिया, काय आहे त्यात? तोंडानं सांग."

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "उलिनचा भुसा आहे. ओला. केसांत अडकलेला असतो ना, तसा. राळ आहे. होडीची फळी वाकवायला खाली जाळ करायचात, त्याचा धूर आहे. बातांगच्या ओंडक्याची खालची बाजू आहे, कायम पाण्यात असते ती. भरतीचं पाणी चढायला लागलं की येतो, तो वास आहे. आणि संध्याकाळ आहे."

अस्पिहानी डोळे मिटून ऐकत होता. त्याचे गाल ओले झाले होते. "मी यायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो. यायला हवं होतंस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

त्यानं बाटली मागितली नाही, तिनं दिली नाही. बायकापोरं वाट बघत होती, दुसऱ्याच दिवशी तो गेला. आम्ही दोघी बातांगवर उभ्या होतो. होडी वळेपर्यंत तो तिच्याकडे बघत होता, मनगट नाकाशी धरून.

"आता तरी ये आत," मी म्हटलं.

"तू हो पुढे, आचिल," ती म्हणाली आणि पाण्यात पाय सोडून बसली.